चार तुकडे आणि पाच माणसं: छोट्या प्लेट्स वाटून खाताना

प्रश्न: आम्ही पाच मित्रमैत्रिणी एका भारी रेस्टॉरंटमध्ये जाणार आहोत. तिथे सगळे पदार्थ छोट्या प्लेट्समध्ये येतात आणि मध्ये ठेवून वाटून खायचे असतात. मागच्या खेपेला अशाच एका ठिकाणी आम्ही अर्धपोटी उठलो, बिल मात्र डोळे पांढरे करणारं आलं. एकीला कोळंबी आणि खेकड्याची ॲलर्जी आहे, ती निम्मा वेळ नुसती बसून होती. एक जण दारू पीत नाही, तरी त्याने सगळ्यांइतकेच पैसे भरले. या वेळी किती मागवावं, वाटावं कसं आणि बिलाचं काय करावं?

उत्तर:

अर्धपोटी उठणं आणि बिल फुगणं या तक्रारी मी नेहमी जोडीनेच ऐकते, आणि त्यांचं मूळही बहुतेक वेळा एकच निघतं. मेनू आला, प्रत्येकाने आपल्या आवडीची एक-दोन नावं घेतली, वेटरने लिहून घेतली आणि सगळी ऑर्डर एका दमात आत गेली. मी वेटर म्हणून सुरुवात केली, मग कॅप्टन झाले, आता फ्लोअर मॅनेजर आहे. त्या टेबलावर पुढे काय घडणार, याचा अंदाज मला ऑर्डर ऐकतानाच येतो. वाटायचं कसं हे तुम्ही विचारलं आहे, पण वाटण्यातल्या बऱ्याचशा अडचणी ऑर्डर देण्याच्या पद्धतीतूनच उभ्या राहतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुमच्या ऑर्डरचा कागद, म्हणजे आमची केओटी, किचनमध्ये एकाच माणसाकडे जात नाही. थंड पदार्थांचा विभाग वेगळा, तळणीचा वेगळा, ग्रिलचा वेगळा, ओव्हनचा वेगळा. थंड प्लेट नुसती रचायची असते, ती काही मिनिटांत होते. तळणीच्या वस्तूला त्याहून जरा जास्त वेळ लागतो. ग्रिलवरच्या मांसाला तर भाजून झाल्यावर विसावाही द्यावा लागतो, नाहीतर कापताक्षणी रस प्लेटभर होतो. कोर्सने वाढायच्या जेवणात शेफ हे सगळे विभाग एकमेकांसाठी थोपवून धरतो आणि एका टेबलाच्या सगळ्या प्लेट्स पासवर, म्हणजे किचन आणि फ्लोअरच्या मधल्या त्या काउंटरवर, एकत्र आणतो. छोट्या प्लेट्सच्या रेस्टॉरंटमध्ये सहसा कोणी कोणासाठी थांबत नाही. झालं की निघालं. सुरुवातीला वेटर हसतहसत सांगतो ना, ‘आमच्याकडे पदार्थ तयार होतील तसे येतात’, त्याचा अर्थ हाच.

ही पद्धत वाईट नाही. पदार्थ तव्यावरून उतरला की लगेच तुमच्यासमोर येतो. पण बारा प्लेट्स एकदम मागवल्या की पहिल्या दहा मिनिटांत पाच-सहा येऊन थडकतात. टेबलावर जागा नाही, ग्लास सरकवायचे, फोन उचलायचे, तळलेलं थंड पडतंय म्हणून घाई करायची. मग लांबलचक खंड. त्या खंडात गप्पा थंडावतात आणि कोणीतरी मेनू परत मागवून आणखी तीन प्लेट्स सांगतं. त्या येतात तेव्हा आधीच्या ग्रिलच्या प्लेट्सही येतात. बिल फुगतं ते इथे. पोट भरल्यासारखं वाटत नाही, कारण निम्मं अन्न गडबडीत संपलेलं असतं आणि चवीने खाल्लं असं काहीच आठवत नाही.

युरोपातल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांत एकेकाळी हाच प्रकार मुद्दाम करत. फ्रेंच पद्धतीच्या वाढपात एका फेरीचे सगळे पदार्थ टेबलावर एकदम मांडलेले असत आणि ज्याच्या हाताला जे येईल ते तो घेई. दिसायला डोळ्यांचं पारणं फेडणारं, खायला बरंचसं थंड. एकोणिसाव्या शतकात ती पद्धत मागे पडली आणि पदार्थ एकामागून एक आणायची रशियन पद्धत रुळली. आजचं कोर्सचं जेवण त्यातूनच आलं. छोट्या प्लेट्स एका दमात मागवणारे आपण न कळत त्या जुन्या मेजवानीत परत जाऊन बसतो, फक्त टेबल चौघांचं असतं.

ज्यांच्याकडे वाटून खाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे त्यांच्याकडे क्रम असतो. लेबनॉन किंवा तुर्कस्तानातलं मेझे, म्हणजे छोट्या पदार्थांचं वाटून खायचं जेवण, बघा. आधी थंड वाट्या, म्हणजे हमस (काबुली चण्याचं वाटण), भाजलेल्या वांग्याचं, दह्याचं काही, आणि ब्रेड. मग गरम, तळलेलं, भाजलेलं. शेवटी निखाऱ्यावरचं मांस किंवा मासा. थंड पदार्थ टेबलावर अर्धा तास राहिले तरी बिघडत नाहीत, म्हणून ते आधी येतात आणि रेंगाळतात. गरम येईल तसं संपवायचं. हा क्रम कोणत्याही छोट्या प्लेट्सच्या मेनूला लावता येतो, मग तो मेनू जपानी असो की स्पॅनिश.

तेव्हा ऑर्डर तीन फेऱ्यांत द्या. पाच जणांसाठी पहिल्या फेरीत चार प्लेट्स पुरतात: दोन थंड, एक ब्रेडबरोबर खायची आणि एक तळणीची. वेटरला सांगा, ‘आत्ता एवढंच द्या, मेनू इथेच राहू दे.’ हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण ते म्हटलं नाही तर सवयीने मेनू उचलला जातो. पहिल्या फेरीतली तिसरी प्लेट संपत आली की दुसरी ऑर्डर द्या. शेवटची संपायची वाट बघू नका, मधे पोकळी पडते. दुसऱ्या फेरीत भाज्या, मासा, अंड्याचं काही. तिसऱ्या फेरीत मांस किंवा भाताचा, पास्त्याचा एखादा भरभक्कम पदार्थ, आणि तोही भूक पाहून.

याला एक अपवाद आहे. मोठा भाजलेला मासा, आख्खं कोंबडं, भांड्यातच शिजवून आणायचा भात, अशा गोष्टींना अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतो. त्या हव्या असतील तर पहिल्याच फेरीत सांगून ठेवा आणि ‘शेवटी आणा’ म्हणा.

काही ठिकाणी, विशेषतः गर्दीच्या वेळी, किचनला पूर्ण ऑर्डर आधीच हवी असते. टेबल दोन तासांसाठीच दिलेलं असेल तर वेटरही त्यासाठी मागे लागतो. त्याच्याशी वाद घालू नका. सगळं सांगा, पण फेऱ्या पाडून सांगा: ‘हे चार आधी, ते चार मग, हे दोन शेवटी.’ केओटीवर तसं लिहिता येतं आणि बहुतेक किचन ते पाळतात. नुसती नावं सांगितलीत तर फेऱ्या किचन स्वतःच्या सोयीने पाडेल.

आता किती मागवायचं ते. माणशी दोन ते तीन प्लेट्स असं आम्ही सगळेच सांगतो. हे गणित दोघांना लागू पडतं. चौघांपर्यंत कसंबसं टिकतं. पुढे बिघडतं, कारण माणसं वाढली तरी प्लेट तेवढीच राहते. दोघांत एक प्लेट म्हणजे तीन-चार घास. पाच जणांत तीच प्लेट म्हणजे एक घास आणि उरलेल्या तुकड्यासाठी एकमेकांना ‘तू घे, तू घे’. पाच जणांनी बारा वेगवेगळ्या प्लेट्स मागवल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा चवी येतात आणि जेवण येत नाही. तुम्ही अर्धपोटी उठलात ते प्लेट्स कमी पडल्या म्हणून नसावं, प्रकार जास्त झाले म्हणून असावं.

माझा सल्ला असा की पाच जणांनी सात-आठ प्रकार निवडावेत आणि त्यातले तीन-चार डबल मागवावेत. लोक याला बिचकतात. ‘एवढा मोठा मेनू आहे आणि तेच दोनदा?’ हो, तेच दोनदा. आवडलेल्या पदार्थाचा दुसरा घास मिळाला की जेवल्यासारखं वाटतं. शिवाय वेगळेपणाची हाव खर्चिकही असते. तोच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी उतरते, पण नवी चव समोर आली की जीभ परत ताजी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोगांतून हे दाखवलं होतं: जेवणात प्रकार जास्त तर माणूस खातोही जास्त. छोट्या प्लेट्सचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे म्हटलं तरी चालेल. धंदा आमचा आहे म्हणून मी तक्रार करणार नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मेनूवर ‘छोटी प्लेट’ लिहिलं असलं तरी आकार जागेजागी बदलतो. स्पेनमध्ये हे वेगळं सांगावं लागत नाही. तापा म्हणजे ग्लासाबरोबरचा छोटासा खाऊ, बऱ्याचदा एकट्याचा. ग्रानादात तर तो ड्रिंकबरोबर फुकटच येतो. वाटून खायला असते ती रासिओन, म्हणजे मोठी प्लेट, किंवा मेदिया रासिओन, तिची अर्धी. सान सेबास्तियानच्या बारमध्ये पिंचो उभ्याउभ्या खातात, एक-दोन घासांचे, ज्याचा त्याचा. पाच जणांनी टेबलाभोवती बसून एक पिंचो पाच ठिकाणी कापायचा, हा प्रकार तिथल्या माणसाला विचित्रच वाटेल. बाहेरच्या महागड्या रेस्टॉरंट्सनी हे सगळे आकार एकाच मेनूवर आणून ठेवले आणि सगळ्यांना ‘शेअरिंग’ म्हटलं, तिथून गोंधळ सुरू झाला.

म्हणून ऑर्डर देताना एक प्रश्न हमखास विचारा: ‘या प्लेटमध्ये किती नग येतात?’ यात कमीपणा काही नाही. चांगल्या वेटरला हे आकडे पाठ असतात आणि विचारल्यावर त्याला बरंच वाटतं, कारण चार क्रोकेट्स (बाहेरून कुरकुरीत, आत मऊ सारण असलेले तळलेले गोळे) आणि पाच माणसं ही डोकेदुखी त्यालाच निस्तरावी लागते. तुम्ही पाच जण आहात, आणि छोट्या प्लेट्स बहुधा तीन, चार किंवा सहा नगांच्या बेतलेल्या असतात. पाच हा या खेळातला सगळ्यात गैरसोयीचा आकडा.

चार नगांची प्लेट पाचांत कशी करायची? सगळ्यात सोपं, पाचवा नग मागा. क्रोकेट्स, स्कॅलप (शिंपल्यातला गर), चॉप्स, डंपलिंग, असं जे मोजून वाढतात त्यात किचन बऱ्याचदा एक वाढवून देतं आणि त्याप्रमाणे पैसे लावतं. डंपलिंग वाफवायच्या टोपलीत मोजकीच बसत असतील, किंवा प्लेटची रचनाच ठरलेली असेल, तर नाही म्हणतील. मग एक तर डबल मागवा, नाही तर तो पदार्थ सोडून द्या. आपल्यातल्या एकाला तो नको असेल तर प्रश्नच मिटला, पण हे आधीच विचारा. प्लेट आल्यावर ‘मला तसाही नको होता’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा भिडेपोटी बोलत असतो.

जे करू नये ते म्हणजे न कापायची वस्तू कापणं. स्कॅलप घ्या. बाहेरून करकरीत तांबूस, आतून जेमतेम शिजलेला, असा तो पॅनमधून उतरतो. त्याचे दोन केले की कापलेल्या बाजूने पाणी सुटतं, वरचा करकरीतपणा त्यात भिजतो आणि अर्धा तुकडा काट्यावर घेईपर्यंत कोमट होतो. शेफने ज्यासाठी तो पदार्थ मेनूवर ठेवला ते दोघांपैकी कोणालाच मिळत नाही. क्रोकेटचंही तेच, कापला की आतलं पातळ सारण प्लेटवर आणि हातात नुसतं कवच. हाडासकटचा लॅम्ब चॉप तर कापून वाटताच येत नाही, हाडाजवळचं मांस कोणाचं यावर हसण्यावारी का होईना, भांडण होतं.

बुराटा या मऊ, ताज्या चीजचं नेमकं उलटं. तो वाटण्यासाठीच असतो, पण लोक त्याला बाजूने टोकरत बसतात. वरची पिशवी दाट, मोझरेलाची. आत साईत भिजलेले चीजचे धागे. एकाने कडेचा तुकडा उचलला की साय त्याच्याच बाजूने वाहून जाते आणि बाकीच्यांना रबरासारखं कवच उरतं. प्लेट आली की एकाने सुरीने मधोमध उभा-आडवा छेद द्यावा, साय प्लेटभर पसरू द्यावी, टोमॅटो किंवा जे काही सोबत असेल ते तिच्यात ओढून घ्यावं, आणि मग चमच्याने वाढून घ्यावं. काट्याने नाही. वर कच्चट बलक असलेल्या पदार्थाचंही तसंच: आधी फोडा, मिसळा, मग वाढा. नाहीतर बलक एकाचा आणि खालची भाजी चौघांची.

टार्टार (बारीक चिरलेलं कच्चं मांस किंवा मासा) किंवा पॅटेसारखं (मांसाचं मऊ वाटण) काही असेल तर टोस्ट आधी संपतात आणि वरचं उरतं, हे जवळपास ठरलेलंच. ब्रेड जास्तीचा ऑर्डरबरोबरच मागा. लांब पास्ता टेबलावर वाटताना गळत-लोंबत जातो, म्हणून ‘किचनमध्येच वाटून द्याल का’ विचारा. सूप वाटायच्या भानगडीत पडू नका. अगदीच हवं असेल तर छोट्या कपांतून मागा.

पाचाच्या जागी सहा-सात जण झालात तर वेगळा हिशेब. टेबल लांब होतं आणि मधली प्लेट टोकाच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर तिच्यात सजावटीचं पान उरतं. तिथे सरळ दोन टेबलं असल्यासारखं वागा. प्रत्येक पदार्थ डबल, एक प्लेट या टोकाला, एक त्या टोकाला, आणि तिघांतिघांत वाटणी. वेटरला आधी सांगितलं तर तो दोन्ही बाजूंना एकदमच ठेवतो. आठांच्या वर गेलात तर रेस्टॉरंटचा ठरलेला शेअरिंग मेनू असेल तो घ्या. तो घेताना निवडीचा आनंद जातो, पण नगांचं गणित किचनने आधीच केलेलं असतं.

आता ॲलर्जी. ही गोष्ट मेनू उघडल्यावर सांगायची नसते, टेबल बुक करताना सांगायची असते, आणि बसल्यावर वेटरला परत सांगायची. युरोपीय संघात २०१४ च्या डिसेंबरपासून रेस्टॉरंटला चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे, आणि त्या यादीत कोळंबी-खेकडा वर्ग वेगळा आणि शिंपले-स्क्विड वर्ग वेगळा धरला आहे. तुमच्या मैत्रिणीला दोन्ही चालत नाहीत की एकच, हे तिला नक्की ठाऊक असेल तर तसंच स्पष्ट सांगावं. नुसतं ‘शेलफिश’ म्हटलं की किचन सावधगिरी म्हणून सगळंच बाद करतं. तिला स्वतःलाच खात्री नसेल तर मात्र सगळंच बाद होऊ दे, ते ठीक.

वाटून खाताना एक धोका असा असतो की तो मेनूवर दिसत नाही. पदार्थ सुरक्षित असतो, पण कोळंबीच्या प्लेटमधला चमचा भाजीच्या प्लेटमध्ये जातो. दुसरा धोका तळणीच्या तेलाचा. कोळंबी ज्या तेलात तळली त्यातच बटाटे तळले जात असतील तर बटाटेही तिच्यासाठी नाहीत. ‘तळणी वेगळी आहे का’ हे विचाराच. आणि ॲलर्जी गंभीर असेल तर तिच्या हजेरीत तो पदार्थ टेबलावर आणूच नका. एका संध्याकाळी कोळंबी नाही खाल्ली तर कोणाचं काही अडत नाही. सौम्य त्रास असेल आणि तिचीच हरकत नसेल तर एकच प्लेट, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, त्या प्लेटचा चमचा त्या प्लेटपाशीच. मैत्रिणीला चालणाऱ्या प्लेट्समधून तिचं वाढून आधी बाजूला काढा, मग बाकीच्यांनी हात लावा.

शाकाहारी माणूस असेल तेव्हाही हेच तत्त्व वापरते मी. त्याला चालणाऱ्या प्लेट्स सगळेच खातात आणि बाकीच्यांच्या प्लेट्स तो खात नाही, त्यामुळे तो दोन्हीकडून मार खातो. त्याच्या प्लेट्स डबल मागवणं हा सोपा उपाय.

वाढून घेण्याच्या रीतीबद्दल फार बोलत नाही. प्रत्येक प्लेटला वाढायचा वेगळा चमचा मागा, न विचारता तो प्रत्येक ठिकाणी येईलच असं नाही. चीनमध्ये सार्वजनिक चॉपस्टिक्स, म्हणजे फक्त वाढून घ्यायच्या वेगळ्या काड्या, वापरायचा आग्रह २००३ च्या सार्सच्या साथीनंतर आणि पुन्हा २०२० मध्ये धरला गेला, तो काही उगाच नाही. जपानी रेस्टॉरंटमध्ये एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दहनानंतर अस्थी तशा एकमेकांकडे देतात, त्यामुळे जेवताना ते अशुभ दिसतं. मित्राला काही द्यायचं तर त्याच्या प्लेटमध्ये ठेवा.

आणि हो, समोरची छोटी प्लेट बदलून मागत जा. माशाच्या लिंबाळलेल्या रसावर मांसाचा सॉस घेतला की दोन्ही फुकट. दुसऱ्या फेरीनंतर स्वच्छ प्लेट मागणं हा नखरा नाही, आम्हाला त्याची सवय असते. शेवटचा तुकडा प्लेटमध्ये पडून असेल आणि कोणीच उचलत नसेल तर वेटर टेबलाजवळ येऊन घुटमळतो, कारण त्याला जागा हवी असते. एकाने स्पष्ट विचारावं, ‘हे कोणाला हवंय?’ आणि उत्तराची वाट दोन सेकंद बघून स्वतः घ्यावं. इथे लाजण्यात अर्थ नाही.

पिण्याचं थोडक्यात. इतक्या चवी एकत्र आल्या की जड, तुरट रेड वाइन अडचणीची ठरते; मासे आणि शिंपल्यांबरोबर तर ती तोंडात माशाचा उग्र वास मागे ठेवते, आणि वाइनमधल्या लोहाचा त्यात हात असल्याचं जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं आहे. आंबटसर, हलकी व्हाइट, स्पार्कलिंग, किंवा जरा गार केलेली हलकी रेड सगळ्यांबरोबर निभावते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे बरोब्बर पाच ग्लास होतात. तुमच्यात पिणारे चार आहेत, म्हणजे एका बाटलीत एकेक ग्लास होऊन एकाचा उरतो. तो कोण घेणार यावर दुसरी बाटली उघडली जाते. म्हणून पहिल्या बाटलीनंतर ग्लासवारी मागवा.

बिलावर माझं मत ठाम आहे: खाण्याचे पैसे समान, पिण्याचे ज्याचे त्याने. हे टेबलावर बसण्याआधी, निरोपानिरोपीतच ठरवून टाका. वाटून खाल्लेल्या अन्नात कोणी दोन घास जास्त खाल्ले हे मोजणं हास्यास्पद आहे. पण वाइन वाटून खाल्लेली नसते, आणि न पिणाऱ्याला चार बाटल्यांत ओढणं अन्याय आहे. तुमचा मित्र काही बोलला नाही म्हणजे त्याला चाललं असं समजू नका. बिल मागण्याआधी वेटरला सांगा, पेयं वेगळी लावा. हे आधी सांगितलं तर एका मिनिटाचं काम असतं, बिल छापून झाल्यावर मात्र कटकटीचं. ॲलर्जीवाल्या मैत्रिणीला न चाललेली महागडी प्लेट तुम्ही मागवली असेल तर त्या प्लेटचे पैसेही खाणाऱ्यांनी उचलावेत.

समान वाटणीचा एक छुपा परिणाम असतो, तो माहीत असू द्या. उरी नीझी, एर्नान हारुवी आणि हदास याफे या संशोधकांनी इस्राएलमध्ये एका रेस्टॉरंटात लोकांना गटागटाने जेवायला बसवलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना आपापलं बिल भरायचं होतं त्यांच्यापेक्षा बिल समान वाटणाऱ्यांनी सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त किमतीचं मागवलं. फुकट मिळणार होतं त्यांनी दुपटीहून जास्त. गंमत म्हणजे बहुतेकांना आधी विचारलं असता आपापलं बिल भरणंच बरं वाटत होतं. त्या गटांतली माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, मित्रांत भीड जास्त असते. तरी ‘पाचांत वाटायचंय, मागव की’ हे वाक्य माझ्या कानावर रोज पडतं.

यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे ऑर्डर एकाच माणसाने द्यायची. सगळ्यांनी आपापल्या ‘हवंच’ आणि ‘नकोच’ गोष्टी त्याला सांगायच्या, साधारण किती खर्च करायचा ते आधी बोलायचं, आणि मग वेटरशी त्यानेच बोलायचं. पाच तोंडांतून ऑर्डर आली की एकच भाजी दोनदा येते आणि ब्रेड कोणीच सांगत नाही. हा माणूस तुमच्यातला सगळ्यात चोखंदळ नसला तरी चालेल. ज्याला ‘आत्ता पुरे, बघू नंतर’ म्हणता येतं तो निवडा.

एवढी यातायात करण्यापेक्षा ज्याने त्याने आपली प्लेट का घेऊ नये, असं कोणी म्हणेल. वाटून खाण्याचा फायदा खरा असतो. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाटाघाटीला बसलेल्या जोड्यांपैकी काहींना चिप्स आणि साल्साचं एकच भांडं दिलं, काहींना वेगवेगळी. एका भांड्यातून खाणाऱ्यांचं एकमत लवकर झालं, अनोळखी असले तरी. फ्लोअरवरून पाहताना हे रोज दिसतं. ज्या टेबलावर प्लेट्स फिरतात तिथली माणसं मान वर करून बोलत असतात.

डेझर्टबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे उलटा नियम लावा: पाच जणांत दोन डेझर्ट आणि पाच चमचे. आतून वितळणारा गरम चॉकलेट केक हवा असेल तर तो तिसऱ्या फेरीबरोबरच सांगून ठेवा, कारण तो बऱ्याच ठिकाणी ऑर्डर आल्यावरच ओव्हनमध्ये जातो. मध्यभाग पातळ असतो, म्हणून कडेने न खाता आधी फोडा. बाजूला आइस्क्रीम असेल तर फोटो एकानेच काढा.